फुलाबाई कीर्तनाला गेल्या तेव्हा

जरा जवळ सरका. एका दमलेल्या बाईची गोष्ट सांगते, मोठ्यानं सांगायची नाही ती.

सन छत्तीसची रामनवमी. वेल्ह्याच्या फुलाबाईंचे यजमान गेनबा तीन वर्षं अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर वळवायचं, पेज भरवायची, पाय चोळायचे. बाईंना देवाचं नाव निवांत ऐकायला मिळालं नव्हतं.

धाकटी जाऊ बनाबाई म्हणाली, "जावा अक्का कीर्तनाला. म्या बसते हितं. पळून न्हाई जात तुमचा म्हातारा."

भर दुपारी फुलाबाई देवळात माझ्या शेजारी येऊन बसल्या. पाळणा सुरू झाला, तसं माझ्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडल्या.

सुंठवडा घेऊन आम्ही दोघी त्यांच्या घरी आलो. ओट्यावर बनाबाई रुसून बसलेली. मला बघून म्हणाली, "तुमीच समजवा अक्कास्नी. इतकं सांगूनबी कीर्तनाला गेल्या न्हाईत, दुपारभर नवऱ्याचं पाय सोडलं न्हाईत."

मग तिची नजर माझ्या मागं उभ्या असलेल्या फुलाबाईंवर गेली आणि ती ओट्यावरून उठलीच.

आतून गेनबांचा जड आवाज आला, "फुला, पाणी."

"आले," फुलाबाई आतूनच म्हणाल्या.

माझ्याबरोबरच्या फुलाबाईंनी ओठ उघडले नव्हते. त्या दमून दारातच खाली बसल्या.

देवापुढं हात जोडाल तेव्हा फुलाबाईंची आठवण ठेवा. दोघींची.