इन्सुलीचं गाऱ्हाणं

इन्सुलीचा चेकनाका मागे पडला तशी आई म्हणाली, "हंय खंयतरी सावलेत थांबवा. झील उपाशी आसा माझो."

झील म्हणजे तिचा मुलगा, दीपेश. सव्वीस वर्षांचा घोडा, पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळी पट्टी: एल्डर गावकर.

"एल्डर म्हणजे काय रे?" त्याच्या बहिणीनं, रसिकानं, मघाशीच विचारलं होतं.

"वडीलधारो."

"वा! मगे वडीलधाऱ्यानू, बॅग जरा तिकडे सरकवा."

तो हसला. पुढच्या सीटवर मात्र कुणी हसलं नाही. बाबांनी, म्हणजे गुरुदास गावकरांनी, गाडी काजूच्या झाडाखाली घेतली आणि उतरून बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले. मोपाच्या विमानतळावरही ते आत आले नव्हते. "गाडयेकडे कोण तरी होयो," म्हणून पार्किंगमध्येच बसून राहिले. ती खटारा ओमनी कोण पळवून नेणार होतं, देव जाणे. दीपेश आला, वाकून पाया पडला. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादाला हातही उचलला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचा बेंगळुरूहून फोन आला होता, की मी मॉर्मन झालोय, आणि आता नोकरी सोडून धर्माच्या सेवेला, मिशनवर, दिल्लीकडे जातोय. ख्रिस्ती लोकांतला हा कुठला पंथ, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. गावकरांचा झील गेला, एवढं मात्र सगळ्यांना कळलं. आणि बाबा तर गावाच्या वतीनं देवासमोर गाऱ्हाणं घालणारे मानकरी. त्यांनी एकेक मागणं मांडायचं आणि मागे उभ्या गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला जोड द्यायची. ते दोन शब्द इतरांनी म्हणायचे. बाबांच्या तोंडून ते रसिकानं कधी ऐकले नव्हते.

आज निघतानाही बाबांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गाडीचं नाव घेतलं, वाटेचं घेतलं, आईचं आणि रसिकाचं घेतलं. ज्याला आणायला निघाले त्याचं तेवढं घेतलं नाही. आईनं आणि रसिकानं जड जिभेनं 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

चार दिवसांनी दीपेश पुन्हा बेंगळुरूला जाणार होता. या चार दिवसांत बाबा त्याच्याशी बोलले नाहीत तर मग कायमचंच तुटलं, ही एकच धास्ती रसिकाला होती.

आईनं झाडाखाली सतरंजी टाकली. घावणे काढले, काळ्या वाटाण्याचं सांबारं काढलं, आणि त्याआधी थर्मास उघडून चहाचा पहिला कप दीपेशच्या हातात दिला. दीपेश कपाकडे बघत राहिला. आमच्यात चहा चालत नाही, हे त्यानं तिला फोनवर शंभरदा सांगितलं होतं. पण प्रवासातून आलेल्या माणसाला आधी चहा, ही सवय आईच्या हाताला लागलेली, आणि हाताला कोण समजावणार? आता हा नको म्हणेल, आई रडेल, आणि बाबांना आयतंच निमित्त मिळेल, असं रसिकाला वाटलं.

बाबा बॉनेटपासून चालत आले. त्यांनी दीपेशच्या हातातला कप काढून घेतला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.

"तो च्या पिणा नाय," ते आईला म्हणाले. "दर सोमवारी सांगता तो तुका. सोलकढीची बाटली काढ."

आई बघतच राहिली. सोमवारी दीपेशचा फोन आला की आई तो स्पीकरवर टाकायची आणि बाबा उठून बाहेर अंगणात जायचे, दोन वर्षं हेच चाललं होतं.

"तुमका कसा ठावक?"

"खळ्यात आयकाक येता," बाबा म्हणाले आणि परत बॉनेटपाशी गेले.

रसिकाचा जीव थोडा भांड्यात पडला. थोडाच, कारण बोलले ते आईशी.

आई वाढायला लागली तसं दीपेशनं तिला थांबवलं. "आये, वायच थांब. खावच्या आधी आमी प्रार्थना करतंव." त्यानं दोन्ही हातांची छातीवर घडी घातली, मान खाली घातली, डोळे मिटले. सवयीनं हिंदीत सुरू झाला आणि अडखळला. आईसमोर त्याला हिंदीत देवाशी बोलता येईना. मग तो मालवणीत बोलायला लागला, आणि मालवणीत देवाशी कसं बोलतात ते त्यानं लहानपणापासून एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं.

"बा देवा, आज आमी सगळी हंय एकत्र इलंव, ते तुझे उपकार..."

तो थांबला. गाऱ्हाण्यात जिथे थांबतात तिथेच.

"माझ्या आवशीक, बहिणीक बरा ठेव..."

पुन्हा थांबला. रसिकाच्या ओठांवर शब्द आले होते, ते तिनं गिळले. म्हणावं की नाही, कुणाला राग येईल, काही कळेना.

"माझे बापूस माझ्यासाठी इतक्या लांब गाडी घेवन इले, त्यांची राखण कर. माझ्याकडसून त्यांचा मन दुखावला आसात, काय चुकला-माकला आसात, तर तां पोटात घाल. येशू ख्रिस्ताच्या नावान मागतंय. आमेन."

महामार्गावरून मासळीचा एक टेम्पो गोव्याकडे गेला. दीपेशनं डोळे उघडले नव्हते. आईच्या हातातला घावणा तसाच ताटावर धरलेला होता.

"व्हय म्हाराजा."

रसिकानं वळून बघितलं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"खा रे आता," ते म्हणाले. "घावणे सुकतत."