एकाच खोक्यातल्या दोन

"यूपीएस बंद राहिला असेल माझ्याकडून," पद्मिनीताईंनी डॉक्टरांसमोर मान खाली घातली. नेत्रालयातला संगणक त्याच सांभाळत. चार वर्षांत काढलेले लहान मुलांच्या डोळ्यांचे फोटो सकाळपासून उघडत नव्हते.

"असेल काय? उद्यापासून येऊच नका!" डॉक्टर ओरडले.

मी फोटो साठवणाऱ्या, बंद पडलेल्या दोन्ही एसएसडी डिस्क तपासत होते. ही स्वस्तातली रचना माझीच: प्रत्येक फोटो दोन्हींवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. पण खर्च वाचावा म्हणून मी दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या घेतल्या होत्या. अशी डिस्क लिहून लिहून झिजते. दोन्ही सारख्याच झिजल्या आणि तासाभरात पाठोपाठ संपल्या. यूपीएसचा काही संबंध नव्हता. हे कळूनही मी दोन्ही डिस्क काढून घेतल्या आणि खोलीबाहेर पडले.

बाहेर पद्मिनीताईंनी माझ्या हातात चहा दिला. "तुम्ही किती नीट करून दिलं होतंत, मॅडम. मीच घाण केली. जाण्याआधी ऑफिसात सांगून जाते, नव्या कुठल्या आणायच्या?"

"दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या."

"अगंबाई, मग आधीच्या एकाच कंपनीच्या कशा?" त्यांनी साधेपणानं विचारलं.

मी कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे न बघताच डॉक्टरांच्या खोलीकडे वळले.