साखळकरबाईंची निर्दोषता

वेधशाळेच्या छायाचित्रांतून तीन तारे नाहीसे झाले होते, आणि त्या नोंदी बदलण्याचा अधिकार केवळ नलिनी साखळकरांना होता. म्हणून निवृत्त पोलीस अधिकारी त्र्यंबक हुपरीकरांनी त्यांचा संगणक मोहोरबंद केला आणि स्वतः दुर्बिणीला डोळा लावून बसले. शनिवारी पहाटे त्यांच्या देखत चौथा तारा विझला.

सकाळी संचालक वैद्य आले. "बाईंनी कबूल केलं?"

"बाई निर्दोष आहेत," हुपरीकर म्हणाले. "चारही तारे एकाच दिशेला, एकामागे एक. अंतरं ऐंशी प्रकाशवर्षं, चाळीस, वीस, दहा. चोर आळीतली घरं ओळीनं फोडत यावा, तसं. मधले दिवस आठ, चार, दोन. चाळीस प्रकाशवर्षं त्यानं आठ दिवसांत कशी कापली, ते मात्र तुम्ही सांगा."

वैद्य खुर्चीत बसले. "तसं नाही. तो जवळजवळ प्रकाशाच्याच वेगानं येतोय. त्यामुळे चोरीची बातमी, म्हणजे ताऱ्याचा शेवटचा प्रकाश, चोराच्या जेमतेम पुढे पोहोचते."

"आणि दहाच्या अलीकडचं घर?"

"सूर्य. पुन्हा दहाच प्रकाशवर्षं, म्हणजे पुन्हा दोनच दिवस. सोमवारी पहाटे." वैद्यांचा आवाज खाली आला. "हुपरीकर, पुन्हा एकदा तपासा ना. तिनंच केलं असेल."

तेवढ्यात नलिनीबाई दारात आल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. "साहेब, सोमवारी कामावर येऊ ना?"

"या, बाई," हुपरीकर म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी प्रथमच खोटी साक्ष दिली होती.