दहावी फेरी

“परत जा,” रमोना म्हणाली.

एफ्रेनने मान हलवली आणि पिकअप पुन्हा उताराच्या पायथ्याशी नेली. हायवेवरून खाली उतरणारा हा रस्ता सकाळपासून बंद ठेवला होता. त्यावरून एफ्रेनने उलटं वर चढायचं, खांबावरच्या कॅमेऱ्याने उलटी येणारी गाडी ओळखून लाल दिवे पेटवायचे. सलग दहा वेळा पेटले तर कॅमेरा इथे राहणार. नाहीतर फिनिक्सहून आलेला इंजिनिअर ब्रेंट आजच तो उतरवून दुसऱ्या गावी नेणार.

सहाव्या फेरीला दिवे पेटलेच नव्हते.

“ऊन फार आहे,” ब्रेंट म्हणाला. “हा कॅमेरा ऊब बघतो. रस्ताच इतका तापलाय, की गाडी वेगळी दिसत नाही.”

“म्हणजे उन्हात कुणी मरायचं नाही?” रमोना कडाडली. “ऑगस्टात ॲरिझोना तापतं हे तुमच्या ऑफिसात एकालाही ठाऊक नव्हतं? शिकलेत म्हणे. नीट कर त्याला.”

ब्रेंटने लॅपटॉप उघडला. कडेचा पांढरा क्रूस मध्ये येतोय, तो जरा हलवू का, असं त्याने विचारलं.

“त्याला हात लावू नका,” गाडीतून एफ्रेन म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं पहिलं वाक्य.

मोजणी पुन्हा एकपासून. तीन झाल्या. पाच झाल्या. एफ्रेनने शर्टाच्या बाहीने तोंडावरचा घाम पुसला.

“मुलाला जरा सावलीत बसू द्या, बाई,” ब्रेंट म्हणाला. “हवं तर मी चालवतो.”

“हाच चालवेल.”

“तुम्ही म्हणाल तोवर चालवतो,” एफ्रेन म्हणाला.

ब्रेंटला त्याची कीव आली. तिशीचा बाप्या, पण सकाळी आला तो म्हातारीच्या शेजारी बसून. हायवेवर गाडी तिनेच चालवली. रस्ता बंद झाल्यावर मग किल्ली त्याच्या हातात दिली.

दहाव्या फेरीला लाल दिवे लखलखले. एफ्रेनने क्रुसाच्या अलीकडे गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडू लागला.

रमोनाने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

“आता तरी त्याला जवळ घ्या,” ब्रेंट चिडून म्हणाला. “पोटचाच मुलगा ना हा तुमचा?”

रमोना क्रुसापाशी गेली. रुमालाने तिने त्यावरची धूळ पुसली.

“पोटचा इथे गेला,” ती म्हणाली. “हा समोरून उलटा आला होता.”