बोट न लावता

सुके बोंबील वर्षभर टिकतात. मनोरची एसटी कधीच वेळेवर येत नाही. बोटांच्या घामातलं मीठ पोलादाला गंज चढवतं. निरोगी माणसाची नाडी मिनिटाला बहात्तर ठोके देते.

ही शेवटची गोष्ट पालघरच्या कमलाकांत घड्याळजीला पुष्पलता नर्सने सांगितली होती. दर पावसाळ्यात ती स्प्रिंग तुटलेलं घड्याळ घेऊन यायची. स्प्रिंग त्याच्या घामट बोटांमुळेच तुटते, हे मात्र त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

यंदा मुंबईहून त्याने स्प्रिंग गुंडाळायच्या वाइंडरची पेटी आणली होती. घड्याळात स्प्रिंग ज्या डबीत बसते, तिच्या मापाचा वाइंडर निवडायचा, त्यात स्प्रिंग गुंडाळायची आणि बोट न लावता डबीत सोडायची. मग दहा वर्षं बघायला नको.

"या वेळी अशी बसवा, की परत तुमचं तोंड बघायला नको," पुष्पलता म्हणाली.

"आमचं तोंड येवढं वाईट हाय काय, नर्सबाई?"

"तोंड बरं आहे हो, काम वाईट आहे. पेशंटची नाडी धरली की हे बंद पडतं."

कमलाकांत हसला. तिच्या घड्याळाच्या डबीला नेमका बसणारा वाइंडर त्याने उचलला, फडक्याने पुसला आणि पुन्हा पेटीत ठेवला. मग बोटांनीच स्प्रिंग गुंडाळत म्हणाला, "काय झालंच, तर पुढच्या पावसाळ्यात या. आमी हाय."

"बघू," ती म्हणाली.

जव्हारपलीकडच्या एका पाड्यावर तिची बदली झाल्याचा हुकूम सोमवारीच आला होता. तिथे घड्याळजी नव्हता.