उजवी मूठ

"वर्षाच्या आत बाळ एकाच हाताने खेळत असेल तर डॉक्टरांना दाखव," फिजिओथेरपिस्ट बहिणीने सांगलीहून बजावलं होतं. "आमच्याकडे सासरेही डावरेच," म्हणत उत्कर्षाने हसण्यावारी नेलं. आज सासूबाईंनी रांगत्या नातवाच्या डाव्या हातावर पायमोजा चढवला आणि पुढ्यात बिस्कीट ठेवलं. "उजव्यानं खायची सवय लागंल आपसूक." बाळ धडपडलं, रडलं, शेवटी तोंडच बिस्किटाला लावू लागलं, उजवी मूठ मिटलेलीच. "लय हट्टी हाय, आज्यावर गेलाय," सासूबाई हसल्या. उत्कर्षा स्वतःवरच चिडली. बीएस्सीला माकडाच्या मेंदूतून मानेपाशी बाजू बदलून बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा तिने सुबक रंगवल्या होत्या. पोराची मिटलेली उजवी मूठ बघताना मात्र दोष मेंदूच्या डाव्या बाजूला असू शकतो, हे सुचलं नव्हतं. "आवं आत्या, हट्ट न्हाई, त्याला जमतंच न्हाई!" पायमोजा भिरकावून ती सासूबाईंवर ओरडली. तुमच्या ओळखीचं रांगतं बाळ डावरं असेल, तर त्याची उजवी मूठ आपणहून उघडते का, ते बघा.