कासवं मोजणारी बाई

ज्ञानू काठावर चपला काढत होता, तेव्हा चंदनबाला करंजाच्या झुडपाआड बसून कासवं मोजत होती. डोहातल्या खडकावर तीन होती. माना ताणून, पाय पसरून थंडीतलं ऊन खात पडली होती. मोबाईलवर त्यांचं चित्रण चालू होतं. ज्ञानूला ती झुडपाआडची बाई दिसली नव्हती. दिसली असती तरी त्याने फार फिकीर केली नसती. पोरगं गेल्यापासून चंदनबाला आक्काचं डोकं फिरलंय, ती नदीवर कासवं बघत बसते, असं गावाने कधीच ठरवून टाकलं होतं.

ठरवू देत. तिने डूख धरला होता. दोन वर्षांपूर्वी तिचा भरतेश मोटारीच्या पाइपाच्या तोंडाचा, फूटव्हॉल्व्हमधला, गाळ काढायला याच डोहात उतरला आणि कंबरभर पाण्यातच जीव गमावून बसला. भर पुरात कृष्णा पार करणारं पोरगं ते! त्या सकाळी पाण्यावर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. दोन कासवंही होती. ज्ञानू खांबावरच्या तारेला आकडा टाकतो, पाण्यात करंट सोडतो आणि मासे मारतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण पंचनाम्याला सगळे मूग गिळून बसले. कागदावर एवढंच आलं, बुडून मृत्यू.

तेव्हापासून ती इथं बसत होती. सांगलीच्या कॉलेजातली प्रीती नावाची मुलगी कासवांच्या अभ्यासाला इकडे यायची. तिने चंदनबालाला वही दिली, मोबाईलवर चित्रण करायला शिकवलं. "काकू, कासव मारलं ना, तर माणूस थेट तुरुंगात जातो," असं ती एकदा सहज बोलून गेली. चंदनबाला त्या दिवशी घरी जेवली नाही. नुसते दात खात बसली. आपल्या पोराच्या जिवाला जे मोल नव्हतं ते कासवाच्या जिवाला होतं. असेना का! काट्याने काटा निघाला तरी तिला चालणार होतं.

बघून बघून कासवं तिला पाठ झाली. काठावर जरा खुट्ट झालं की ती सुळकन पाण्यात जायची, आणि थोड्या वेळाने पार वरच्या अंगाला नाक काढायची. हे दोन वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

ज्ञानूचंही सगळं ठरलेलं असे. लाईट नसताना आकडा टाकायचा. तारेचं उघडं टोक डोहात सोडायचं. मग पाण्यात उतरून ते खडकाखाली नीट खोचायचं, बाहेर यायचं आणि लाईटची वाट बघायची. या आठवड्यात शेतीची लाईट बाराला होती, पण घड्याळ बघतो कोण? लाईट आली की शांतिनाथची मोटार आपोआप सुरू व्हायची, आणि तिच्या घरघरीवरून सगळ्या शिवाराला कळायचं. शांतिनाथ म्हणजे चंदनबालाचा नवरा. काल त्यांचा ऊस कारखान्याला गेला होता. रान मोकळं झालं म्हणून शांतिनाथने मोटार बंदच करून ठेवली होती. हे ज्ञानूच्या गावीही नव्हतं.

आकडा टाकून, तार सोडून झाली होती. ज्ञानूने विजार वर खोचली आणि तो उतरणीला लागला. त्याच्या पायाखालचा एक दगड घरंगळला. कडेचं कासव सुळकन पाण्यात गेलं.

चंदनबालाने सवयीने वरच्या अंगाला पाहिलं. नाक निघालं नाही. कासव बुडालं होतं तिथंच वर आलं. चारी पाय ताठ, मान बाहेर पडलेली.

लाईट आज बाराच्या आधीच आली होती.

देवाने आयतं ताट वाढून पुढ्यात ठेवलं होतं. हात लावायचा नव्हता की शब्द काढायचा नव्हता. फक्त गप्प बसायचं होतं. सगळ्या गावाला जे जमलं, ते तिला का जमणार नाही? तो तडफडावा असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. रोज जैनांचा णमोकार मंत्र म्हणणाऱ्या तोंडाने दोन वर्षं ती हेच मागत आली होती. ज्ञानूने उजवा पाय उचलला. त्याच्या अंगठ्यात आणि पाण्यात वीतभर अंतर होतं.

"ज्ञान्या, पाय टाकू नगंस! लाईट आलीया!"

ज्ञानू मागच्या मागे चिखलात पडला. त्याने आधी झुडपातून उठलेल्या बाईकडे पाहिलं, मग पाण्यावर तरंगणाऱ्या कासवाकडे. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तसाच गुडघ्यांवर सरकत तो वर आला आणि त्याने हात जोडले.

"आक्का, जीव वाचवला तुमी माजा! मी तुमचं एवडं वाईट केलं, तरीबी... तुमचा धरमच लय मोटा. तुमी तर मुंगीलाबी मारत न्हाई."

चंदनबालाच्या हातातला मोबाईल अजून चालूच होता. त्यात तार होती, मेलेलं कासव होतं आणि आता ज्ञानूही होता.

"धरम काढू नगंस," ती म्हणाली. "तुला असा सुखासुखी मरू देती व्हय मी? आज तू मेला असतास, तर तुज्या कागदावरबी बुडून मेला असंच लिवलं असतं. आन् माजा भरतेश दुसऱ्यांदा बुडाला असता."